आईवडिलांच्या उंचीवरून मुलाची उंची : हिशेब कसा मांडायचा, कुठे चुकतो

मुलाला कुठल्या खेळात घालायचं हे ठरवताना त्याची उंची किती होईल, हा प्रश्न येतोच. त्यासाठी आधी आईवडिलांची उंची खरोखर मोजा. लग्नाच्या बायोडेटातली धरू नका, ती बहुधा इंचभर फुगलेली असते. तळाशी स्कर्टिंगची (फरशीची) पट्टी नसलेली भिंत घ्या. पाय अनवाणी, वेणी-अंबाडा सोडलेला, टाचा आणि पाठ भिंतीला टेकलेली, नजर समोर. डोक्यावर सुताराचा गुण्या (काटकोनी पट्टी) ठेवा. नुसती पट्टी धरली तर ती कलते. मोजमाप सकाळी घ्या, कारण दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि संध्याकाळी उंची साधारण १ सेंमी कमी भरते.

मग इंचांचे सेंटिमीटर करा. हमखास घोळ होतो तो इथेच. ५ फूट ६ इंच म्हणजे ६६ इंच, गुणिले २.५४, म्हणजे १६७.६ सेंमी. तेच ‘पाच पॉइंट सहा’ धरून ५.६ ला ३०.४८ ने गुणलं की १७०.७ येतात. तीन सेंमी फुकटात वाढले!

आता दोघांच्या उंचीची बेरीज करा. मुलगा असेल तर त्यात १३ मिळवा, मुलगी असेल तर १३ वजा करा, आणि निम्मे करा. वडील १६७.६, आई १५४.९ असेल तर मुलासाठी १६७.८ आणि मुलीसाठी १५४.८ येतात. हा मधला आकडा झाला. दोन्ही बाजूंना साधारण ८.५ सेंमी धरा, म्हणजे मुलगा १५९ ते १७६ च्या दरम्यान कुठेही थांबू शकतो. एवढ्या रुंद पट्ट्यावरून ‘हा बास्केटबॉलचा, हा नाही’ असं ठरवणं घाईचं आहे. शिवाय पट्ट्याबाहेर जाणारेही असतात. चीनचा याओ मिंग २२९ सेंमी. त्याचे आईवडील दोघेही बास्केटबॉलपटू, वडील दोन मीटरच्या आसपास आणि आई १९० च्या. सूत्राने उत्तर येतं २०२ च्या आसपास. आपल्याकडे सचिन तेंडुलकर ५ फूट ५ इंच आणि मुलगा अर्जुन सहा फुटांहून उंच.

त्यामुळे सूत्रापेक्षा वाढीच्या वेगावर जास्त भिस्त ठेवा. दर सहा महिन्यांनी त्याच भिंतीपाशी मोजा आणि वर्षाचा फरक काढा. महिन्याला मोजून उपयोग नाही. अर्ध्या सेंमीची चूक बाराने गुणली जाते. पाचव्या वर्षापासून वयात येईपर्यंत वर्षाला ५-६ सेंमी वाढ अपेक्षित असते. ४ पेक्षा कमी भरली तर नोंदवही घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा.

घरात आणखी एक गोष्ट विचारा: आईची पाळी कितव्या वर्षी सुरू झाली, वडिलांची उंची शाळेत वाढली की कॉलेजात? उशिरा वयात येणं बऱ्याच घरांत पिढीजात असतं. असा मुलगा १३ व्या वर्षी संघात सगळ्यांत बुटका दिसतो आणि निवडीत गळतो. त्याच वयाचा, लवकर वयात आलेला दांडगा मुलगा निवडला जातो, पण त्याची वाढही लवकर थांबते. शंका असेल तर डॉक्टर डाव्या हाताच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय, म्हणजे वाढ किती उरली आहे ते, पाहतात.

उंची कमी भरणार असं दिसलं तरी वजनगटांचे खेळ आहेतच: कुस्ती, बॉक्सिंग, वेटलिफ्टिंग. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्य जिंकलं ते बँटमवेट या हलक्या वजनगटात. त्यांचे वडीलही पैलवान होते. अशा घरात रक्तातून काय आलं आणि लहानपणापासून लागलेल्या तालमीतून काय, हे वेगळं काढता येत नाही.

दमसासाचं गणित तर आणखी निराळं. सरावाने दम किती वाढतो, यातही घराण्याचा वाटा असतो. कुणाचा २० आठवड्यांत भरपूर वाढतो, कुणाचा जेमतेम. म्हणून पहिल्या दिवशीच्या वेळेवरून निकाल देऊ नका. १६०० मीटर धावण्याची वेळ नोंदवा, बारा आठवडे नियमित सराव करून घ्या, त्याच मैदानावर, त्याच प्रहरी पुन्हा वेळ घ्या आणि फरक बघा. लाळेवरून ‘क्रीडा-जनुक’ सांगणाऱ्या चाचणीवर मात्र पैसे घालवू नका. गुणी खेळाडू ओळखण्याइतकं त्यातून काही कळत नाही.