सिरियल संपली, आता आठ वाजता काय?

मालिका संपली की लोक चॅनलला फोन करत नाहीत, केबलवाल्याला करतात. मालवणात माझं केबलचं काम आहे, त्यामुळे हा सोहळा माझ्याच मोबाइलवर पार पडतो. शनिवारी शेवटचा भाग डोळे पुसत पाहिलेला असतो, तरी सोमवारी आठ वाजता रिमोट उचलला जातोच. मग फोन: "मेल्या, आमची सिरियल खंय गेली?" तेव्हा पुढे सांगतोय ती डॉक्टरकी नाही, वायर ओढता ओढता घरोघरी पाहिलेलं आहे.

आधी स्वतःला दोष देणं थांबवा. "आमी रोज बघी होतव, मगे बंद कशाक केली?" हा प्रश्न हमखास येतो. माझ्याकडून घेतलेल्या तुमच्या सेट-टॉप बॉक्समधून टीआरपी जात नाही. बार्क नावाची संस्था निवडक घरांत मीटर बसवते. चॅनलच्या आवाजात कानाला न कळणारी खूण मिसळलेली असते, ती हा मीटर ओळखतो. मीटर कोणाकडे आहे ते गुप्त ठेवतात. मीटर नसलेल्या घरात टीव्ही दिवसभर लावून ठेवलात, तरी वाढलं असतं ते लाइटबिलच.

शेवटच्या आठवड्यात इन्स्टाग्रामपासून लांब राहा. मालिकेचं शूटिंग शेवटचा भाग दिसायच्या आधीच संपलेलं असतं. इथे नायिका अजून रुसून माहेरी बसलेली असते आणि तिकडे सेटवर केक कापून सगळे गळ्यात गळे घालून मोकळे झालेले असतात. ते फोटो बघितलेत की उरलेल्या भागांची चव गेलीच.

शेवटची रात्र मात्र नीट साजरी करा. आपल्याकडे जत्रेत दशावतार रात्रभर चालतो आणि पहाटे दहीकाल्याने संपतो. हंडी फुटली, हातावर काला पडला की माणूस घोंगडी झटकून घरी जातो. 'पुढे काय झालं' असं कोणी विचारत नाही. मालिकेला असा काला नसतो, तो आपणच करायचा. मालवणातच दांडी भागातल्या एका काकींनी 'होणार सून मी ह्या घरची' संपली तेव्हा, जानेवारी २०१६ मध्ये, शेजारच्या चार घरांना बोलावून खापरोळ्या केल्या होत्या. त्यांच्या भिंतीवरच्या कालनिर्णयात दुधाच्या खाड्यांच्या शेजारी बॉलपेनने मालिकेतल्या गोष्टी लिहिलेल्या असायच्या. 'गॅस लावला' आणि त्याच्या खाली 'जान्हवी घरी आली.' जान्हवीच्या लांबलेल्या बाळंतपणावर सगळा महाराष्ट्र विनोद करत होता. काकी करत नव्हत्या. त्या रात्री भाग संपल्यावर त्यांनी टीव्ही बंद केला, नारळाच्या रसाची वाटी प्रत्येकाच्या हातात दिली आणि जिला जे आवडलं ते बोलून घ्यायला लावलं. कोणीतरी जान्हवीचं ठरलेलं "काहीही हं श्री" म्हणालं आणि हसण्यात अर्धं दुःख तिथेच गेलं. त्या घरातून सोमवारी फोन आला नाही, हे मी मुद्दाम सांगतो.

आता मुख्य गोष्ट. माणसाला गोष्ट संपल्याचं जेवढं लागतं, त्याहून जास्त आठचा अर्धा तास रिकामा झाल्याचं लागतं. हे मी छातीठोकपणे म्हणतो, कारण गणपतीच्या दिवसांत माझा फोन गप्प असतो. आठ वाजता वाडीत आरत्या, भजनं चालू असतात. कितीही रंगात आलेली मालिका असो, तिचे भाग बुडतात आणि कोणाची तक्रार नसते. म्हणजे हवं असतं ते एका वेळी, एका ठिकाणी सगळ्यांनी बसणं. सासू-सून दिवसभर बोलत नाहीत, पण आठ वाजता एकाच खलनायिकेला मिळून शिव्या घालतात. तेवढं टिकवायचं. म्हणून टीव्ही बंद ठेवा, पण बसायची जागा मोडू नका. त्याच वेळी भाजी निवडा, कोळंबी सोला, पत्ते कुटा, मुंबईच्या मुलाला व्हिडिओ कॉल लावा. आणि त्या जागेवर आलेली नवी मालिका पहिल्याच दिवशी बघू नका. नव्या सुनेत पहिली शोधत बसलं की दोघींवर अन्याय होतो.

सर्वांत कठीण काळ म्हणजे १ जून ते ३१ जुलै. मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, पुरुष संध्याकाळभर घरात. "मी खंय बघतंय, आपलो बसलंय," असं म्हणत तेही मालिकेत अडकतात आणि तिने जुलैत निरोप घेतला की सगळ्यांत जास्त चिडचिड त्यांचीच होते. त्यांना समजावू नका. जाळं विणायला द्या, आपोआप बोलते होतात.

जुने भाग ॲपवर पुन्हा बघायचे असतील तर पहिल्या भागापासून सुरू करू नका. शेकडो भाग असतात, मधला पळवापळवीचा आणि स्मृती गेल्याचा मजकूर परत कशाला सोसायचा? आवडलेले पाच-सहा भाग ठरवा, लाइट असताना डाउनलोड करून ठेवा. शेवट घाईत उरकलेला असेल, तर तुमच्या मनाप्रमाणे जिथे संपायला हवी होती तो भाग शेवटचा धरा. आमच्या घरात मालिका नेहमी लग्नाच्या भागाला संपते. बायकोचा तसा नियमच आहे, आणि तिचं बरोबर आहे.

नट-नट्यांची आठवण येत असेल तर मालवणच्या मामा वरेरकर नाट्यगृहाच्या बोर्डावर लक्ष ठेवा. मालिकेतली माणसं नाटकांचे दौरे करतात. समोर उभं राहून बोलताना ऐकलं की कळतं, तो माणूस दुसराच आहे आणि बरा चाललाय. खलनायिका भेटली तर तिला बोल लावू नका. तिने फक्त काम केलं.

आणि रागाच्या भरात पॅक बंद करायला सांगू नका. २०१९ पासून चॅनल आपण निवडतो आणि त्याचेच पैसे भरतो हे खरं, पण पंधरा दिवसांनी नव्या मालिकेचं लग्न लागतं आणि मग "चालू कर रे" म्हणून पुन्हा फोन येतो. बंदच करायचं असेल तर महिनाअखेरीला कळवा, आणि कृपा करून आठच्या आत.