मिजच्या अळ्या ओळखताना या चुका टाळा

गाळाचा नमुना पांढऱ्या ट्रेमध्ये ओतला, लाल काहीतरी वळवळताना दिसलं, की लगेच ‘मिजची (डासासारखी दिसणारी बारीक माशी) अळी’ अशी नोंद होते. सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. तो लाल रंग हिमोग्लोबिनचा. ऑक्सिजन कमी असलेल्या गाळात राहणाऱ्या कायरोनोमस आणि तिच्या जवळच्या प्रजातींमध्ये तो ठळक असतो. बाकीच्या कितीतरी मिज-अळ्या हिरवट, पिवळट, तपकिरी किंवा जवळजवळ पारदर्शक असतात. उलट ट्युबिफेक्स हा गाळातला गांडुळाच्या जातकुळीतला बारीक कृमी लाल असूनही कीटकच नाही. त्यात अल्कोहोलमध्ये ठेवल्यावर रंग उडतो. म्हणून रंग अळी जिवंत असतानाच टिपून ठेवा, पण ओळख त्याच्या भरवशावर ठरवू नका.

भिंगाखाली आधी दोन्ही टोकं बघा. कायरोनोमिडी कुळातल्या मिजच्या अळीला कडक कवचाचं स्पष्ट डोकं असतं आणि ते शरीरात आत ओढलं जात नाही. ट्युबिफेक्सला असं डोकं नसतं. मिज-अळीच्या डोक्यामागच्या पहिल्याच खंडाखाली बारीक आकडे असलेल्या आखूड, मांसल पायांची एक जोडी असते, आणि दुसरी शेपटाकडे. सांध्यांचे खरे पाय नसतात.

पुढची जोडी मात्र नीट बघावी लागते. ते दोन पाय बुडाशी जोडलेले आणि बऱ्याचदा डोक्याखाली दुमडलेले असतात, त्यामुळे एकच पाय आहे असं वाटतं आणि अळी काळ्या माशीची ठरवली जाते. अळी कुशीवर वळवून टोकदार चिमट्याने डोकं हलकेच वर करा. काळ्या माशीच्या अळीला पुढे खरोखरच एकच पाय असतो, शरीर मागे फुगीर असतं आणि शेवटाला आकड्यांचं कडं असतं. चावऱ्या मिजच्या (हे वेगळं कुळ) पाण्यातल्या बहुतेक अळ्या सुईसारख्या सरळ, पाय नसलेल्या असतात.

डासाच्या अळीची छाती एकसंध आणि फुगीर असते, तिला पायही नसतात. पण कोषात जायच्या बेतात असलेल्या मिज-अळीची छातीसुद्धा फुगते! अशा वेळी फुगवट्याकडे न बघता पायांच्या जोड्या शोधा.

उपकुळ ठरवताना डोळ्यांचे ठिपके कामी येतात. कायरोनोमिनी उपकुळात ते सहसा दोन, एकाखाली एक असतात. टॅनिपोडिनीत एकच, मूत्रपिंडाच्या आकाराचा. ऑर्थोक्लॅडिनीत दोन्ही प्रकार सापडतात, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नका. टॅनिपोडिनीची अळी शिकारी असते, तिच्या स्पर्शिका डोक्याच्या आत ओढल्या जातात. स्पर्शिका दिसल्या नाहीत म्हणजे तुटल्या असं लगेच समजू नका.

त्यापुढे स्लाइडशिवाय गत्यंतर नाही. अख्खी अळी आडवी ठेवून कव्हरस्लिप दाबली, की डोकं कुशीवर पडतं आणि हवं ते काहीच दिसत नाही. डोकं वेगळं करा, १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडने आतलं मांस विरघळवा (हातमोजे आणि चष्मा घालूनच), धुऊन घ्या आणि खालची बाजू वर येईल असं ठेवा. मग मेंटमची (डोक्याच्या खालच्या बाजूची, तोंडाजवळची कडक पट्टी) दातेरी कड आणि तिच्या बाजूच्या पट्ट्या दिसतात. त्या पंख्यासारख्या, रेघारेघांच्या असतील तर अळी कायरोनोमिनीतली असण्याची शक्यता मोठी.

मेंटमचे दात मोजताना घाई नको. वाळू खरवडून ते झिजतात, कधी तुटतात, प्रदूषित गाळात वेडेवाकडेही वाढतात. एकाच नमुन्यावर विसंबण्याऐवजी त्याच ठिकाणच्या चार-पाच अळ्यांची डोकी तपासा. अळीच्या चार अवस्था असतात आणि ओळखसूत्रं (लक्षणांवरून नावापर्यंत नेणारे तक्ते) बहुतेक शेवटच्या अवस्थेवर बेतलेली असतात. लहान अळी त्यात जबरदस्तीने बसवली तर चुकीचं नाव हाती येतं. अशा अळीपुढे फक्त उपकुळाचं नाव लिहा आणि नमुना जपून ठेवा.