जास्त ताकदीच्या बाईकचा क्लच बदलताना

वरच्या गिअरमध्ये थ्रॉटल उघडल्यावर आरपीएम वाढतो पण वेग वाढत नाही, म्हणजे क्लच घसरतोय. आधी केबलचा फ्री-प्ले, म्हणजे लिव्हरची मोकळी हालचाल, बघा. बऱ्याच बाईकवर लिव्हरच्या टोकाशी 10-15 मिमी लागतो.

नव्या फ्रिक्शन प्लेट्स (घर्षणाचा थर असलेल्या चकत्या) रात्रभर इंजिन ऑइलमध्ये भिजवा. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच राइडला जळू शकतात. ऑइल जासो एमए2 (ऑइलमध्ये चालणाऱ्या क्लचच्या बाईकसाठीचं जपानी मानक) दर्जाचंच घ्या, कारचं नको.

स्प्रिंगचे बोल्ट आळीपाळीने, समोरासमोरचे सैल करा. प्लेट्स निघतील त्याच क्रमाने मांडून फोटो काढा. जडर स्प्रिंग (थरथर रोखणारी चकतीसारखी स्प्रिंग) उलटी बसली की क्लच थरथरतो. स्टील प्लेट काचेवर ठेवून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) वाक तपासा.

खरी गोम बास्केटमध्ये, म्हणजे प्लेट्स ज्यात बसतात त्या डब्यात, असते. बास्केटच्या बोटांसारख्या उभ्या पट्ट्यांच्या कडेवर नख फिरवा. नख खाचेत अडकलं तर प्लेट्सही तिथेच अडकणार आणि क्लच नीट सुटणार नाही. बारीक खाच कानशीने साफ होते, खोल असेल तर बास्केट बदला.

मूळपेक्षा साधारण 10-15 टक्के कडक स्प्रिंग रस्त्यावरच्या वापराला पुरतात. त्याहून कडक घेतल्या तर मनगट दुखतं. स्प्रिंगचे एम6 (6 मिमी) बोल्ट अॅल्युमिनियमच्या आट्यांत बसतात, म्हणून टॉर्क रेंचशिवाय (किती जोराने आवळतोय ते दाखवणारा पाना) आवळू नका. आकडा मॅन्युअलमधलाच घ्या. कव्हरला नवं गॅस्केट लावा.