लोकल अडॅप्टेशन जीनोममधून कसं शोधायचं, तिबेटचं उदाहरण धरून

लोकल अडॅप्टेशन म्हणजे एखादा गट पिढ्यानपिढ्या आपल्या जागेच्या वातावरणाला जुळवून घेतो ते. दोन-तीन पॉप्युलेशनचा एसएनपी डेटा (डीएनएमधल्या ज्या एकेका अक्षराच्या जागी फरक असतो त्या जागांचा) हातात आला की बरेच जण काय करतात, सरळ एफएसटी (गटागटांत जेनेटिक फरक किती, 0 ते 1 मधे) काढतात, वरचे एक टक्का एसएनपी उचलतात आणि म्हणतात हे बघा सिलेक्शन झालेले, म्हणजे फायद्याचे म्हणून निसर्गाने निवडलेले जीन. प्लीज असं करू नका. सिलेक्शन झालेलं असो वा नसो, वरचा एक टक्का निघणारच, पाच लाख एसएनपी असतील तर पाच हजार नावं मिळणार, आणि त्यातली खरी किती हे त्या यादीवरून अजिबात कळत नाही.

2010 मधे उंचावर राहणाऱ्या तिबेटी लोकांच्या एक्झोमवर (जीनोमचा प्रोटीन बनवणारा भाग) जो पेपर आला होता त्याचेच आकडे घेऊ. 50 तिबेटी आणि 40 हान चिनी लोक. ईपीएएस1 या जीनमधला एक एसएनपी असा निघाला की त्याचा एक अलील (त्या जागेचं एक रूप) तिबेट्यांमधे 87 टक्के आणि हान लोकांमधे फक्त 9 टक्के. आता एफएसटी एकदा हातानेच काढा, खरंच करा, मग सॉफ्टवेअर काय करतंय ते डोक्यात बसतं. सरासरी फ्रिक्वेन्सी 0.48, म्हणून दोन्ही गट एकत्र धरले तर अपेक्षित हेटेरोझायगॉसिटी (आईकडून आणि वडिलांकडून वेगवेगळे अलील आलेल्यांचं प्रमाण) 2 गुणिले 0.48 गुणिले 0.52, म्हणजे 0.499. वेगवेगळं धरलं तर तिबेटी 0.226, हान 0.164, सरासरी 0.195. फरक भागिले 0.499 केलं की येतं 0.61. आणि या दोन गटांचा अख्ख्या जीनोमचा एफएसटी 0.03 च्या आसपास! म्हणून 0.61 ला वजन आहे. हाच 0.61 वेगवेगळ्या तळ्यांत हजारो वर्षं अडकलेल्या माशांमधे आला असता, जिथे सरासरीच 0.4 आहे, तर मी त्याच्याकडे दोनदा बघितलंही नसतं, कारण नुसत्या ड्रिफ्टनेसुद्धा (पिढ्यानपिढ्या योगायोगाने होणाऱ्या बदलाने) तेवढं होऊ शकतं. सगळं काम यातच आहे, पॉप्युलेशनच्या इतिहासाने पडलेला फरक किती आणि त्याच्यावर उरलेला किती.

पण एफएसटी हे सांगत नाही की बदललं कोण, तिबेटी की हान. त्यासाठी तिसरा, लांबचा गट लागतो, त्या पेपरात 200 डॅनिश लोक होते. प्रत्येक जोडीचा एफएसटी घ्या, 1 मधून वजा करा, लॉग घेऊन चिन्ह उलटं करा, हे झालं त्या जोडीचं अंतर. मग तिबेटी-हान अधिक तिबेटी-डॅनिश वजा हान-डॅनिश, भागिले दोन. याला पीबीएस म्हणतात, फक्त तिबेटी फांदीवर किती बदल झाला ते यातून कळतं. तीन गट असतील तर मी सुरुवात इथूनच करेन.

गट जास्त असतील तर आउटलायर टेस्ट, म्हणजे बाकी जीनोमच्या मानाने फारच वेगळे पडणारे एसएनपी शोधणं. 1973 मधे लेवॉन्टिन आणि क्राकाउर यांनी ही आयडिया मांडली तेव्हा सगळे गट एकमेकांपासून सारखेच स्वतंत्र धरले होते, प्रत्यक्षात शेजारचे गट नातेवाईक असतात आणि त्यामुळे खोटे आउटलायर खूप निघतात. आउटफ्लँक, पीसीअ‍ॅडॅप्ट वगैरे नंतरची टूल्स हाच प्रॉब्लेम वेगवेगळ्या मार्गाने सोडवतात.

उंची, तापमान, पाऊस असा एनव्हायर्नमेंटचा डेटा असेल तर एलएफएमएम वापरा, ते पॉप्युलेशनचं स्ट्रक्चर (गटांच्या नात्यामुळे पडलेला फरक) बाजूला काढून एसएनपी आणि एनव्हायर्नमेंटचा संबंध तपासतं. आधी जवळचे नातेवाईक सॅम्पल काढून टाका, खूप मिसिंग असलेले आणि 5 टक्क्यांपेक्षा कमी फ्रिक्वेन्सीचे एसएनपी काढा. मग एलडी प्रूनिंग (जवळजवळचे, एकत्रच वारशाने येणारे एसएनपी छाटणं) करून पीसीए (डेटातले मुख्य फरक थोड्या अक्षांवर मांडणं), त्यावरून के, म्हणजे स्ट्रक्चरचे घटक, किती घ्यायचा ते ठरवा, पण प्रून केलेला सेट फक्त स्ट्रक्चर बघायला, टेस्ट सगळ्या एसएनपींवर लावा, नाहीतर नेमका खरा एसएनपीच छाटला जायचा. नंतर पी-व्हॅल्यूचा हिस्टोग्राम काढाच. तो सपाट हवा आणि फक्त शून्याजवळ टोक हवं. सगळाच शून्याकडे झुकलेला दिसला तर स्ट्रक्चर नीट काढलं गेलेलं नाही, 1 च्या बाजूला ढीग दिसला तर जरा जास्तच काढलं गेलंय, के बदलून परत चालवा. आणि 0.05 ला कापू नका, पाच लाखांत 25,000 नुसते योगायोगाने येतील, एफडीआर लावा, म्हणजे निवडलेल्या यादीत खोटे किती टक्के चालतील ते ठरवून कापा.

एक अडचण मात्र कुठलंच सॉफ्टवेअर सोडवत नाही. लोक किंवा झाडं ज्या दिशेने पसरली त्याच दिशेने उंची वाढत असेल तर स्ट्रक्चर काढताना खरा सिग्नलही धुतला जातो, आणि नाही काढलं तर सगळं जीनोमच अडॅप्टिव्ह दिसतं. उपाय सॅम्पलिंगमधे आहे, प्रत्येक भागातून जवळजवळच्या पण वेगळ्या वातावरणाच्या जोड्या घ्या, एका डोंगराचा पायथा आणि माथा, मग दुसऱ्या डोंगराचा पायथा आणि माथा. फील्डवर्क व्हायचं असेल तर हे आत्ताच ठरवा.

कॅन्डिडेट मिळाला की आजूबाजूचा हॅप्लोटाइप (एकत्रच वारशाने येणारा डीएनएचा तुकडा) बघा, एकटा एसएनपी कधीकधी शेजारच्या खऱ्या जीनबरोबर फरफटत आलेला असतो. ईपीएएस1 चा हॅप्लोटाइप बघितल्यावरच 2014 मधे कळलं की तो डेनिसोव्हन या नामशेष झालेल्या मानवांकडून आलाय. आणि शेवटी लक्षणाशी जोड लागली पाहिजे, तिबेट्यांमधे ती लागली, ईपीएएस1 चं हे रूप असलेल्यांचं हिमोग्लोबिन उंचावर इतरांएवढं वाढत नाही. झाडांवर काम करत असाल तर दोन्ही ठिकाणची रोपं दोन्ही ठिकाणी लावा आणि आपापल्या जागी ती जास्त टिकतात का, जास्त बी धरतात का ते मोजा.