कच्च्या रस्त्यावर ट्यूब बदलताना

हिरोच्या एक्सपल्स २०० या बाइकची चाकं स्पोकची, टायर ट्यूबवाले: पुढे २१ इंची, मागे १८ इंची. घाटातल्या कच्च्या वाटेवर पंक्चरवाला मिळत नाही, म्हणून हे काम स्वतःला यायलाच हवं. एकच ट्यूब न्यायची तर २१ इंची न्या. अडीनडीला ती मागच्या चाकातही चालते. गाव गाठलं की बदला.

चाक उतरवून व्हॉल्व्हची पिन काढा, हवा पूर्ण सोडा. टायरची कडा दोन्ही बाजूंनी सुटी करून साबणाचं पाणी लावा. बहुतेकांचं इथेच चुकतं: लिव्हरवर, म्हणजे टायर उचकटायच्या पट्टीवर, नुसता जोर लावतात. जोर लागतोय म्हणजे लिव्हरच्या विरुद्ध बाजूची कडा रिमच्या मधल्या खोलगट भागात उतरलेलीच नाही. सोबत्याला तिथे गुडघा रोवायला सांगा आणि लिव्हरने कडा दोन-दोन इंचच उचला.

ट्यूब निघाल्यावर टायरच्या आत सावकाश बोटं फिरवा. काटा तसाच राहिला तर नवी ट्यूबही जाते. नवीत आकार येण्यापुरती हवा भरून मगच घाला, नाहीतर ती लिव्हरखाली चिमटते. कडा चढवताना शेवट व्हॉल्व्हपाशी करा. व्हॉल्व्हचा नट रिमवर आवळू नका, वर टोपीला टेकवा. टायर सरकला तर व्हॉल्व्ह तिरका झालेला दिसतो, उपटत नाही.

ग्रुपमध्ये पंप आणि लिव्हर सगळ्यात मागच्या रायडरकडेच द्या. प्रत्येक फाट्यावर मागचा दिसेपर्यंत थांबा.