पेशंटचे स्कॅन आणि रेकॉर्ड ठेवताना या चुका टाळा

नौपाडा असो नाहीतर कोपरखैरणे, छोट्या क्लिनिकमध्ये रिसेप्शनच्या पीसीला एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क कायमची लावलेली असते आणि विचारलं की उत्तर येतं, बॅकअप आहे ना. अहो तो बॅकअप नाहीये, रॅन्समवेअर (फाईली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस) आला की जोडलेली डिस्कपण सोबतच लॉक होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर अशाच हल्ल्यात बसले तेव्हा बरेच दिवस काम कागदावर चाललं, आपल्याकडे तर आयटीवाला बोलावल्यावर येतो. कॉपी झाली की डिस्क काढायची, दोन डिस्क आलटून पालटून वापरायच्या, आणि एक दुसऱ्या जागी ठेवायची. तळमजल्यावर असाल तर नक्कीच, वंदना टॉकीजकडे पावसात कसं पाणी भरतं ते ठाणेकराला सांगायला नको. घरी नेणार असाल तर डिस्कला बिटलॉकर (विंडोजमधलं डिस्क लॉक करायचं फीचर) लावा, पासवर्ड विसरला तर लागणारी रिकव्हरी की मात्र त्याच पीसीवर सेव्ह करू नका.

आणि महिन्यातून एकदा त्या डिस्कवरचा एखादा जुना सीटी दुसऱ्या मशीनवर उघडून बघाच. उघडला नाही किंवा चार-पाचच स्लाइस (सीटीतल्या एकेक थराच्या इमेज) दिसल्या तर बहुतेक कॉपी अर्धवट झालेली असते, किंवा ठेवलेले असतात नुसते जेपेग.

या जेपेगचा मला खरंच राग येतो. स्क्रीनचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकला, सरांनी ओपिनियन दिलं, ठीक आहे, पण नंतर तोच फोटो रेकॉर्ड म्हणून फाईलला लागतो. सीटीच्या मूळ डायकॉम (मेडिकल स्कॅनचा ठरलेला फॉरमॅट) फाईलमध्ये साधारण ४०९६ ग्रे शेड असतात, जेपेगमध्ये २५६, म्हणजे नंतर लंग विंडो (फुप्फुसं नीट दिसतील अशी ग्रे शेडची सेटिंग) लावून बघायचं म्हटलं तर त्यात ते उरलेलंच नसतं. वर तो फोटो स्टाफच्या फोनमधून आपोआप त्यांच्या क्लाउडवर जातो तो वेगळाच.

नाव लपवायचं म्हणून नुसतं फाईलचं नाव बदलून काही होत नाही, डायकॉमच्या हेडरमध्ये, म्हणजे फाईलच्या आत इमेजसोबत साठवलेल्या माहितीत, नाव, जन्मतारीख, आयडी सगळं तसंच राहतं. अनॉनिमाइझ करा, म्हणजे ही ओळख फाईलमधूनच काढा, आणि सोनोग्राफीत तर नाव इमेजवरच छापलेलं असतं, ते वेगळं झाकावं लागतं.

घरून रिपोर्टिंगसाठी राऊटरवर पॅक्सचा (स्कॅन साठवणाऱ्या सर्व्हरचा) पोर्ट, म्हणजे नेटवरून आत यायची वाट, उघडून ठेवलाय? आजच बंद करा, व्हीपीएन (क्लिनिकच्या नेटवर्कला सुरक्षित खाजगी जोडणी) घ्या. १०४ आणि ११११२ हे डायकॉमचे नेहमीचे पोर्ट शोधत फिरणारे बॉट नेटवर कायम असतात. सगळ्यांना मिळून एकच अॅडमिन लॉगिन, तेही मॉनिटरला चिकटवलेलं, यावर काय बोलणार.

डिस्क भरली म्हणून जुने स्कॅन उडवायच्या आधी नियम बघा. इनडोअर पेशंटचं रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं ठेवायचं असतं आणि पेशंटने मागितलं तर ७२ तासांत द्यायचं असतं. कोर्टात केस चालू असेल तर काहीच उडवू नका.

जुना पीसी भंगारात देताना क्विक फॉरमॅटवर विसंबू नका, डेटा परत काढता येतो. ड्राइव्ह काढून घ्या, मग द्या.