म्हाताऱ्या माणसांचं लाईटबिल कमी करायला निघालात? आधी या चुका टाळा

आमच्या भागात कोणा पेन्शनर काका-काकीचं लाईटबिल वाढलं की मला हाक मारतात. मी जातो, आणि बहुतेक घरांत तेच बघतो. बिल कोणी नीट वाचलेलं नसतं, पण मुंबईच्या नाहीतर गल्फमधल्या मुलाने ऑनलाईन काहीतरी मागवून पाठवलेलं असतं. गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिन्याला २००० रुपये ज्यांच्या हातात पडतात, त्यांचे बिलात तीन-चारशे जास्त गेले की औषधं अर्धीच येतात, म्हणून मला या घाईचा राग येतो.

मीटर न बघता वस्तू बदलणं

ही सगळ्यात मोठी चूक. फोंड्याकडचे एक रिटायर मास्तर, घरात ते आणि काकी दोघंच, एसी नाही, गीझर सकाळी थोडा वेळ, आणि बिल मात्र चढतंच आहे. मुलाने आधी सगळे बल्ब एलईडी केले, मग नवीन फ्रिज घेऊन दिला, तरी फरक नाही. मास्तर मला म्हणाले, "मीटरच पळतो रे, बदलून द्या म्हणून अर्ज लिहून दे आधी." म्हटलं अर्ज लिहूया, पण एक रात्र थांबा.

आधी घरातलं सगळं बंद केलं, फ्रिजचा प्लग काढला, पंपाचा एमसीबी (बोर्डावरचा स्विच) पाडला, फक्त मेन चालू ठेवला आणि मीटरवरच्या लाल दिव्याकडे बघत बसलो, वीज जात असली की तो लुकलुकतो. लुकलुकला नाही. म्हणजे वायरिंगमध्ये गळती नाही. मग सगळं परत चालू करून दिलं आणि मास्तरांना सांगितलं, झोपताना रीडिंग लिहा, उठल्याबरोबर परत लिहा, मध्ये काही लावू नका. एक फॅन आणि फ्रिज, रात्रीत साधारण एक युनिट व्हायला हवं. झालं होतं तीनच्या वर.

रात्री चालत होता विहिरीवरचा पंप. संडासातल्या फ्लशच्या टाकीचा वॉशर गेलेला, पाणी आवाज न करता भांड्यात उतरत राहायचं, वरची टाकी खाली झाली की ऑटोमॅटिकवाला पंप आपोआप सुरू व्हायचा, त्यात विहिरीतल्या पाइपाच्या टोकाला असतो त्या फूटव्हॉल्वची जाळी गाळाने भरलेली, त्यामुळे पाणी चढायला दुप्पट वेळ, आणि पंप घराच्या मागे, दोघांनाही ऐकायला कमी येतं, कळणार कसं? एक एचपीचा पंप तासाला जवळपास एक युनिट घेतो. वॉशर बदलला, जाळी साफ केली, बिल उतरलं. नवीन फ्रिजचे पैसे गेले ते गेलेच.

गोव्यात घरगुती बिल १००-१०० युनिटच्या टप्प्याने चढतं, प्रत्येक टप्प्याला दर वाढतो, ४०० च्या पुढे सगळ्यात महाग. म्हणजे असली फुकटची युनिटं नेहमी वरच्या दराने पडतात, आणि वाचली तर तीही वरच्याच दराची वाचतात. म्हणून मी प्रत्येक घरी मीटरशेजारी एक वही बांधून ठेवतो आणि दर रविवारी सकाळी रीडिंग लिहायला सांगतो. बिल यायच्या आधीच गडबड कळते. ॲप वगैरे त्यांना शिकवायच्या भानगडीत मी पडत नाही.

प्लगला लावायचा "पॉवर सेव्हर"

घेऊ नका. घरगुती मीटर मोजतो ती किलोवॅट-तास वीज (म्हणजेच युनिटं) या डबीने कमी होत नाही.

फॅन बंद करून बचत करणं

हे बघितलं की मला खरंच वाईट वाटतं. साधा फॅन ७५ वॅटचा, आठ तास चालला तर ०.६ युनिट. २००० वॅटचा गीझर अर्धा तास तापला की एक युनिट. आणि आमची आजी काय करते, मे महिन्यात, एवढ्या दमट हवेत, फॅन बंद करून घामात रात्र काढते, बीपीच्या गोळ्या चालू असताना, आणि सकाळी गीझर लावून देवपूजेला बसते, तो तापतो आणि मग नुसता चालू राहतो. आधी गीझर बघा. आंघोळीच्या आधी लावा, पाणी घेतलं की बंद करा, मे महिन्यात तर लागतोच कशाला? फॅन जुना असेल तर बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) घ्या, तीसेक वॅटमध्ये चालतो, मग आजीला रात्रभर लावू द्या. न्हाणीत अजून भाण (चुलीवर पाणी तापवायचं मोठं भांडं) असेल आणि सोडणं-चुडतं (नारळाच्या साली, माडाच्या सुक्या झावळ्या) घरचीच असतील तर पाणी तसं तापवा, पण दम्याच्या माणसाला बिलापायी धुरात बसवू नका. रात्री फ्रिज बंद करणंही तसंच, बचत किरकोळ आणि मासळी खराब. त्यापेक्षा दाराचं रबर बघा, कागद धरून दार लावा, कागद सहज निघाला तर रबर बदला.

घाईघाईत सोलर

पीएम सूर्यघर योजनेत २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅट व त्यावर ७८,००० रुपये सबसिडी आहे, चांगली योजना आहे. पण सबसिडी बसवल्यानंतर खात्यात येते, आधी पैसे आपले. महिन्याला शंभर युनिट जाळणाऱ्या दोन माणसांना तीन किलोवॅट कशाला? आणि कौलारू घरावर दुपारी माडांची सावली पडत असेल तर एजंट काहीही सांगो, आधी दिवसभर छपराकडे बघा.

बाकीच्या चुका

घराला कुलूप असलं की सरासरी बिल येतं, ते खरं रीडिंग समजून घाबरू नका, मीटरचा फोटो काढून ऑफिसात दाखवा. मंजूर लोड (घराला किती किलोवॅट मंजूर आहेत ते) बघा, बिलातला स्थिर आकार त्याच्या किलोवॅटवर लागतो, एसी कधीच काढून टाकला असेल तर लोड कमी करायचा अर्ज करता येतो. आणि "आज रात्री तुमची लाईट कापणार, या नंबरवर फोन करा" असा मेसेज आला तर तो फसवणुकीचा असतो. पेन्शनचं खातं रिकामं करतात हे लोक. आई-बाबांच्या फोनमध्ये वीज खात्याचा १९१२ नंबर सेव्ह करून द्या आणि सांगा, लाईटबद्दल काहीही असलं तरी फक्त इथंच फोन करायचा.